वधूचे सौभाग्य आणि हेरवाडचा ठराव

लग्नसराई जवळ आली की छापखान्यांतून पत्रिकांचे गठ्ठे बाहेर पडू लागतात. पत्रिकेचा कागद बदलला, शाई बदलली, आणि आता तर पुष्कळ घरची पत्रिका कागदावर न येता मोबाईलच्या पडद्यावरच येते. परंतु वराच्या नावामागे 'चि.' आणि वधूच्या नावामागे 'चि. सौ. कां.' हा क्रम मात्र अढळ राहिला आहे. ह्या अक्षरांचा अर्थ छापणारा विचारीत नाही आणि छापून घेणाराही सांगत नाही. वर हा नुसता चिरंजीव. त्याने दीर्घकाळ जगावे एवढेच आपले मागणे. वधू मात्र चिरंजीव असून शिवाय सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे सौभाग्याची इच्छा धरणारी. आता हे सौभाग्य म्हणजे काय? संस्कृतात सुभग ह्या शब्दाला भाग्यवान, सुंदर, सर्वांस प्रिय असा पुष्कळ विस्तृत अर्थ आहे. आपल्या व्यवहारातील मराठीत तो आकसत आकसत एवढाच उरला आहे की, नवरा जिवंत असणे. बायको मेल्याने पुरुषाचे सौभाग्य गेले असे कोणी म्हणत नाही, व विधुराच्या नावामागे लावावयाचे एखादे उपपद मराठीत अद्यापि कोणास सुचलेले नाही. स्त्रीस मात्र 'सौ.' गेल्यावर 'गं. भा.' तयारच असते.

आम्ही ह्या तीन-चार अक्षरांपासून आरंभ केला ह्याचे कारण असे की, लग्नाच्या दिवशी वधूच्या कल्याणासाठी म्हणून जे जे काही आपल्या घरांतून केले जाते, त्याचा बहुतेक अर्थ ह्या अक्षरांत साठविलेला आहे. घाणा भरताना मुसळांना आंब्याची डहाळी बांधावयाची आणि हात लावावयाचा तो सवाष्णींनी. हळद लावावयाची ती सवाष्णींनी. तीही आधी वराला, आणि त्याची उरलेली उष्टी हळद वाजतगाजत वधूकडे न्यावयाची. कासाराने येऊन हिरवा चुडा भरावयाचा, आणि तो भरताना एखादी बांगडी फुटलीच तर फुटली असे म्हणावयाचे नाही, वाढली म्हणावयाचे. मामाने आणलेली पिवळी अष्टपुत्री नेसून मुलीने गौरीहरापुढे बसावयाचे आणि एकेक चिमूट तांदूळ वाहत गौरीपाशी सौभाग्य मागावयाचे. (आठ पुत्रांचा हा आशीर्वाद आजच्या भाड्याच्या दोन खोल्यांत खरा झाला तर यजमानाची काय अवस्था होईल, हा विचार वस्त्राला ते नाव देणाऱ्याच्या मनात आलेला दिसत नाही.) पुढे अंतरपाट, मंगलाष्टके, अक्षता, मंगळसूत्र, जोडवी. जातीजातींत व प्रांताप्रांतांत तपशील निराळा. कोणाकडे गौरीहर आहे, कोणाकडे देवकाला पंचपल्लव आहेत, परंतु ह्या साऱ्याचे सूत्र एकच आहे.

ह्या चालींत गोडवा नाही असे म्हणण्याइतके आम्ही रुक्ष नाही. बाहेर वाजंत्री वाजत असता घरातील मुलगी गौरीहरापुढे एकटी बसलेली असते, आणि तिच्या आयुष्यातील एवढ्या मोठ्या उलाढालीच्या आधी तिला तेवढा निवांतपणा मिळतो. काही सुधारक मित्रांस ह्यांतील काहीच नको असते. आमचे मत तसे नाही. चुड्याचा हिरवा रंग व हळदीचा वास ह्यांनी राष्ट्राची हानी होत नाही. हानी होते ती दुसऱ्याच ठिकाणी, आणि ती पाहण्यासाठी वधूकडे न पाहता मंडपाच्या कडेला कोण बसले आहे ते पाहिले पाहिजे.

तेथे पुष्कळदा वधूची आईच बसलेली असते. नवऱ्याच्या मागे जिने शिवणाचे यंत्र चालवून, खानावळीचे डबे करून किंवा दुसऱ्याच्या शेतात राबून मुलीस वाढविले, शिकविले आणि तिच्या लग्नाचे पैसे उभे केले, तीच बाई हळदीच्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून उभी राहते. मुलीला पहिली हळद लावावयाची ती काकूने किंवा मामीने. ओटी भरावयाची ती कोणा दूरच्या नातेवाइकाच्या बायकोने, जिने मुलीला आजवर दोनदा पाहिले असेल. २०११ च्या जनगणनेत ह्या देशात विधवा स्त्रियांची संख्या ४ कोटींहून अधिक भरली. ह्यांपैकी किती जणींना आपल्या मुलीच्या अंगास त्या दिवशी हात लावता आला असेल, ह्याची गणना कोणत्याही खात्याने केलेली नाही. पण ज्याने ज्याने आपल्या गावातील चार लग्ने पाहिली आहेत त्यास ती गणना करून सांगण्याची गरज नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. त्या गावच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी असा ठराव केला की, नवरा वारल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे व जोडवी काढणे ह्या प्रथा गावात बंद कराव्यात. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांतील कोरोनाच्या साथीत ऐन पंचविशी-तिशीतील स्त्रियांवर हा प्रसंग गावोगाव आला होता, आणि जे नेहमी दाराआड चालते ते त्या वेळी सर्वांच्या डोळ्यांसमोर चालले. त्यातून हा विचार पुढे आला. राजर्षी शाहू महाराजांच्या मृत्यूला त्याच आठवड्यात शंभर वर्षे पुरी होत होती. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १९१७ सालीच करणाऱ्या त्या राजाच्या मुलखात हा ठराव व्हावा ह्यात योग्य संगती होती. तेरा दिवसांनी, १७ मे २०२२ रोजी, राज्य सरकारच्या ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे कळविले, आणि पुष्कळ गावांनी तो गिरविला.

ठराव करणाऱ्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु अभिनंदन करून थांबणे हा आमचा धंदा नव्हे. ह्या ठरावास कायद्याचे बळ नाही. तो मोडणाऱ्यास दंड नाही, आणि परिपत्रक हे परिपत्रकच असते. तथापि ही अडचण आमच्या मते गौण आहे. मुख्य अडचण अशी की, ठरावाने हात घातला तो दुःखाच्या दिवशी, आणि त्या दिवशीच्या क्रूरपणाची सर्व तयारी झालेली असते ती आनंदाच्या दिवशी. चुडा भरताना आपण ज्या मुलीला सांगितले की, ह्या काचेत तुझ्या नवऱ्याचे आयुष्य आहे, हिला तडा गेला तरी तोंडातून 'फुटली' म्हणू नकोस, तिच्या नवऱ्याचे आयुष्य सरल्यावर ती काच हातात राहू द्या असे ग्रामपंचायतीने सांगून काय उपयोग? भरणाऱ्यांनी जो अर्थ त्या बांगडीत भरला, तोच फोडणारे वसूल करतात. चुडा नवऱ्यासाठी भरला असेल तर तो नवऱ्याबरोबर जाणार. तो मुलीसाठी भरला असेल तर मात्र त्याला हात लावण्याचा अधिकार कोणासही नाही. म्हणून हेरवाडच्या ठरावाचे खरे काम स्मशानातून परतल्यावर नव्हे, लग्नमंडपात सुरू झाले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

ह्यावर धर्माचा आधार पुढे केला जाईल, म्हणून त्याचाही विचार करू. आश्वलायन गृह्यसूत्राने विवाहविधी सांगण्याच्या आरंभीच म्हणून ठेविले आहे की, देशोदेशीचे व गावोगावचे आचार नाना प्रकारचे आहेत व लग्नात ते पाळावेत. आणि मग सर्वांस समान असा विधी सांगितला आहे. म्हणजे गावचा आचार तो गावचा, वेदाचा नव्हे, हा भेद खुद्द सूत्रकारानेच केला आहे. आणि जो आचार गावाने केला तो गावास बदलता येतो हे त्यातून सहजच निघते. मंगळसूत्र बांधण्याचा विधी प्राचीन सूत्रांत आढळत नाही, असे भारतरत्न पांडुरंग वामन काणे ह्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दाखवून दिले आहे, आणि काणे हे काही कोणी धर्मबुडवे नव्हते; ते धर्मशास्त्राचे व कायद्याचे गेल्या शतकातीलच नव्हे तर कोणत्याही शतकातील पहिल्या प्रतीचे पंडित गणले जातील. उलट सूत्रांत जे आहे ते पाहा. अश्मारोहणात वधूस दगडावर पाय ठेवावयास सांगून तिने दगडासारखे स्थिर व्हावे आणि शत्रूंस दाबून टाकावे असे म्हटले जाते. सप्तपदीत अन्न, बल, धन, सुख, प्रजा व ऋतू ह्यांसाठी सहा पावले टाकून सातवे पाऊल सख्यासाठी टाकतात. ज्या विधीत मुलीकडून खंबीरपणा मागितला आणि नवराबायकोंस मित्र म्हटले, तो विधी आपण गुरुजींस घाईने उरकावयास सांगतो, कारण जेवणाची पंगत खोळंबलेली असते. आणि ज्याला सूत्राचा आधार नाही त्याच्यावर घरातील बायकांचे डोळे खिळलेले असतात.

कायदा ह्या बाबतीत सूत्रकाराच्या बाजूचा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम असे की, दोहोंपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींप्रमाणे विवाह करता येतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. हे विधी खरोखर झाले पाहिजेत ह्याबद्दल न्यायालये कडक आहेत. आमच्याच राज्यातून गेलेल्या भाऊराव शंकर लोखंडे ह्यांच्या खटल्यात १९६५ साली, आणि पुन्हा एप्रिल २०२४ मध्ये एका दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने विधीवाचून विवाह नाही असे स्पष्ट केले. दुसऱ्या निकालात तर विवाह म्हणजे नाचगाणे व खाणेपिणे नव्हे, असेही न्यायमूर्तींनी सुनावले. परंतु ह्या संपूर्ण कायद्यात हळद कोणी लावावी, चुडा कोणी भरावा, ओटी कोणाच्या हाताने भरावी, मुहूर्ताची घटिका साधली की चुकली, ह्याविषयी एक अक्षरही नाही. विधवा आईने मुलीस हळद लावल्याने जगातील कोणत्याही न्यायालयात त्या विवाहाच्या कायदेशीरपणास केसाइतकाही धक्का लागणार नाही. इतकेच नव्हे, तर महाराष्ट्रात २०१७ पासून अंमलात असलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने, समाजातील कोणास सामाजिक वा धार्मिक समारंभात भाग घेण्यास अटकाव करणे हा बहिष्काराचाच एक प्रकार ठरविला आहे. अर्थात आपल्या काकूवर किंवा आत्यावर फिर्याद करावयास कोणी मुलगी जाणार नाही, आणि तिने जावे असे आम्ही सुचवीतही नाही. कायद्याच्या आमच्या अनुभवावरून आम्ही एवढेच सांगतो की, घरातील माणसांमधील भय वकिलाच्या नोटिशीने जात नाही.

हे भय किती खोल आहे ह्याचे एक उदाहरण उत्तरेकडील आहे. पत्रिकेत मंगळ असलेली मुलगी नवऱ्यास घातक, ही समजूत आपल्याकडे आहे तशीच तिकडेही आहे. आणि तिच्यावरचा तोडगा म्हणून आधी मातीच्या घटाशी किंवा विष्णूच्या मूर्तीशी मुलीचे लग्न लावण्याची युक्तीही आहे, म्हणजे व्हावयाचे ते घटाचे होईल! मे २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ येथील पीठापुढे एक जामिनाचा अर्ज आला. लग्नाचे वचन देऊन बलात्कार केल्याचा आरोप. आणि मुलीला मंगळ असल्यामुळे लग्न करता येत नाही, हा आरोपीच्या बाजूचा बचाव. त्यावर न्यायालयाने लखनौ विद्यापीठाच्या ज्योतिष विभागप्रमुखाकडून मुलीच्या पत्रिकेचा अहवाल मागविला. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२३ रोजी आपण होऊन ह्या आदेशास स्थगिती दिली, हे देशाचे नशीब. परंतु विचार करा, हायकोर्टाच्या न्यायासनावर बसलेल्या विद्वानाला जे सुटले नाही, ते गावातील आजीबाईला सुटावे अशी आपण अपेक्षा करतो. ह्या समजुतीचे मूळ तेच. नवऱ्याचे आयुष्य त्याच्या फुप्फुसांत, रक्तात किंवा तो चालवीत असलेल्या गाडीत नसून बायकोच्या ग्रहात, मनगटात व कपाळावर आहे. म्हणून ते गेले तर जबाबदार तीच.

वास्तविक ह्या समजुतीची परीक्षा कोरोनाच्या साथीने पुरेपूर घेतली. त्या दोन वर्षांत ज्यांचे नवरे गेले, त्यांच्या पत्रिका जुळविलेल्याच होत्या, मुहूर्त पाहिलेलेच होते, हळद सवाष्णींनीच लावली होती. फार कशाला, रामाचा मुहूर्त प्रत्यक्ष वसिष्ठाने काढला, आणि सीतेच्या वाट्यास काय आले हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. पण भयाला पुरावा चालत नाही. ते शंभर अपवाद विसरते आणि एक योगायोग लक्षात ठेवते.

आता सर्वांत कठीण आक्षेप. लोक म्हणतात, 'आम्ही कोठे अडवितो? ती स्वतःच पुढे येत नाही.' हे बहुधा खरे आहे, आणि ते खरे आहे म्हणूनच ते हसण्यावारी नेता येत नाही. विधवा आई मागे उभी राहते ती नेहमीच अपमानाच्या भीतीने नव्हे. तिच्या मनात असते की, मी हात लावला आणि उद्या जावयाला काही झाले तर? जगातील कोणतीही आई आपल्या मुलीच्या सुखावर असा डाव लावणार नाही, हजारात एक संभव असला तरी लावणार नाही. तेव्हा तिला व्याख्यान देणे, तू शिकलेली असून असे कसे मानतेस असे विचारणे, हे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. ज्याचे सर्वांत अधिक जाणार त्यानेच प्रथम धैर्य दाखवावे, असा न्याय कोणत्याही व्यवहारात नाही. व्यापाऱ्यांस हे चांगले समजेल. जोखीम वाटून घ्यावयाची असते. एकट्याच्या अंगावर ती टाकली की तो माघार घेणारच, आणि त्याच्या माघारीला त्याची खुशी म्हणणे ही लबाडी आहे.

१८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्याचा इतिहास हेच सांगतो. कायदा झाला, पण त्याचा लाभ घेण्यास पुढे येणाऱ्या एकट्या-दुकट्यास समाजाने वाळीत टाकले. विष्णुशास्त्री पंडितांना १८६६ साली मुंबईस मंडळ काढावे लागले, आणि कायद्यास सदतीस वर्षे होऊन गेल्यावर १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला तेव्हाही त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्याशी व्यवहार तोडलाच. ह्याच्या उलट एक उदाहरण कमी सांगितले जाते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणे नाकारले. त्यांनी शास्त्रार्थ केला नाही की कायदा मागितला नाही. ज्या हातांवाचून ती रूढी चालत नव्हती ते हात त्यांनी मागे घेतले. आजच्या लग्नघरात असे हात कोणाचे आहेत? पत्रिका छापणाऱ्याचे आहेत, 'चि. सौ. कां.' ही अक्षरे त्याच्या नमुन्यांत आयतीच जुळविलेली असतात म्हणून गिऱ्हाईक ती घेते, आणि वधूवर दोघांसही नुसते 'चि.' छापलेला नमुना त्याने पुढे ठेविला तर दहांत चार तरी गिऱ्हाइके तो उचलतील. कासाराचे आहेत, 'आईला बोलवा, पहिली बांगडी तिच्या हाताने चढू द्या' असे तो म्हणाला तर त्या क्षणी त्याच्याशी वाद घालणारे कोणी नसते. गुरुजींचे तर आहेतच. सरकारकडून ह्या बाबतीत फारशी आशा धरू नये. एप्रिल २०२३ मध्ये महिला व बालविकास खात्याच्या तत्कालीन मंत्र्यांनी विधवा ह्या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावे अशी कल्पना काढली होती. टीकेचा भडिमार झाल्यावर तो निर्णय नसून नुसता चर्चेचा प्रस्ताव होता असा खुलासा झाला. बाईला हळदीपासून दूर ठेवून तिला नदीचे नाव देण्यात सन्मान आहे, असे ज्यांस वाटते त्यांच्याशी वाद न घालणे बरे.

परंतु कासाराहून व गुरुजींहूनही ज्या एका व्यक्तीच्या हाती ही किल्ली आहे ती वरमाय होय. मंडपातील भय ज्याच्या जिवाचे, तो तिचा मुलगा. वधूपक्षाकडील कोणी कितीही धीट झाले तरी, 'तुमचे काय जाते? धोका आमच्या मुलाला' हे उत्तर तयार असते, आणि ते ऐकावे लागू नये म्हणूनच वधूची आई आधीच मागे सरते. ते उत्तर देण्याचा अधिकार जिला आहे, तिनेच जर उष्टी हळद घेऊन आल्यावर विहीणबाईंस हात धरून पुढे आणले आणि म्हटले, 'पहिली हळद तुमची, मग आमची,' तर त्यानंतर कुजबुजण्यास कोणासही जागा उरत नाही. कारण जिचे जावयाचे तिनेच जोखीम पत्करली. ह्याला खर्च नाही, ठराव नाही, मुहूर्तातील दोन पळांपलीकडे वेळही नाही. यंदा ज्यांच्या घरी मुलाचे लग्न आहे अशा आमच्या वाचकांनी पत्रिका छापावयास टाकण्यापूर्वी घरात एवढी गोष्ट बोलून ठेवावी. आणि बैठकीत देण्याघेण्याची यादी जेव्हा लिहिली जाईल, तेव्हा हळदीला कोण बसणार ह्या रकान्यात विहीणबाईंचे नाव वरपक्षाने आपल्या हाताने लिहून द्यावे.